विद्यापीठ ग्रंथालयाचा सेवकवर्ग आणि विस्तारसेवा : मद्रास, १९२४ ते १९४४

विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा इतिहास लिहावयास घेतला म्हणजे तो बहुधा इमारतीचा आणि ग्रंथसंख्येचा इतिहास होतो. कोनशिला कोणी बसविली, देणगी कोणी दिली, संग्रह किती लक्षांवर गेला, या गोष्टी आवर्जून सांगितल्या जातात. सेवकवर्गाचा वृत्तांत वार्षिक अहवालाच्या शेवटी चार ओळींत उरकतो : अमुक सेवानिवृत्त झाले, अमुक प्रशिक्षणासाठी गेले, अमुक पद रिक्त आहे. त्याच्याच खाली विस्तारसेवेची म्हणजे विद्यापीठाबाहेरच्या समाजासाठी केलेल्या कामाची नोंद असते : एक प्रदर्शन, दोन व्याख्याने, शेजारच्या शाळेतील मुलांची भेट. या दोन नोंदींचा परस्परांशी काही संबंध असेल अशी शंकाही अहवाल वाचणाराला येत नाही. मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा १९२४ ते १९४४ या काळातील इतिहास मात्र या दोन नोंदी एकत्र वाचल्याशिवाय उलगडत नाही. तेथील ग्रंथालय समाजापर्यंत किती पोहोचले हे तेथील सेवकांना काय शिक्षण मिळाले, काय दर्जा मिळाला आणि त्यांच्या वेळाचे मोल कसे ठरले यावरून ठरत गेले.

मद्रासच्या आधी बडोद्याचा उल्लेख करणे भाग आहे. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम ॲलन्सन बॉर्डन या ग्रंथपालास पाचारण केले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालये आणि फिरत्या पेट्या यांची एक साखळी संस्थानात उभी राहिली. बॉर्डन यांनी ज्या गोष्टी प्रथम हाती घेतल्या त्यांत ग्रंथसेवकांचा प्रशिक्षणवर्ग होता. बडोद्याच्या 'लायब्ररी मिसेलनी' या त्रैमासिकात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी विभागही होता. ग्रंथालय-व्यवसायाविषयी मराठीत नियतकालिक लेखनाचा आरंभ पुण्या-मुंबईत न होता गुजराथी मुलखात झाला, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. जनार्दन सखाराम कुडाळकर यांचे बडोद्याच्या चळवळीवरील इंग्रजी पुस्तक १९१९ सालचे. परंतु बडोद्याचा हा सारा खटाटोप राजाज्ञेने चाललेला होता. आज्ञा देणारा राजा नसेल तेथे काय करावयाचे, हा प्रश्न बडोद्याने सोडविला नाही. त्याला तो पडलाच नव्हता.

विद्यापीठांपैकी या बाबतीत पहिला मान लाहोरचा. पंजाब विद्यापीठाने १९१५ साली मेल्व्हिल ड्यूई यांचे शिष्य एसा डॉन डिकिन्सन यांच्याकडून आपल्या ग्रंथालयाची घडी बसवून घेतली आणि ग्रंथपालांसाठी अभ्यासक्रमही चालविला.

मद्रास विद्यापीठाने १९२४ च्या जानेवारीत शियाळी रामामृत रंगनाथन यांची ग्रंथपालपदी नेमणूक केली तेव्हा ते प्रेसिडेन्सी कॉलेजात गणिताचे अध्यापक होते. ग्रंथालयशास्त्राशी त्यांचा संबंध नव्हता. अध्यापकाच्या तुटपुंज्या वेतनापेक्षा या पदाचे वेतन बरे, हे अर्ज करण्याचे एक कारण होते, आणि त्यांच्या चरित्रकारांनीही ते लपविलेले नाही. रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत त्या ओस पडलेल्या संग्रहात बसण्याचा त्यांना उबग आला आणि आपणास वर्गात परत घ्यावे अशी विनंती घेऊन ते महाविद्यालयाच्या प्राचार्यांकडे गेले. ठरल्याप्रमाणे आधी इंग्लंडला जाऊन यावे, मग पाहू, असा सल्ला मिळाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांना बर्विक सेयर्स हे गुरू लाभले. सेयर्स हे क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख होते. रंगनाथन विद्यापीठाने पाठविलेले विद्यार्थी होते खरे, पण त्यांनी डोळे भरून पाहिली ती नगरातील सार्वजनिक ग्रंथालये. गिरणीतील मजूर, गृहिणी, शाळकरी पोरे तेथे येत आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तर देणारा एक माणूस तेथे बसलेला असे. विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे नागरी ग्रंथालयाच्या नजरेने पाहण्याची त्यांची पुढली खोड येथूनच लागली.

१९२५ साली परतल्यावर त्यांनी जे बदल केले ते आज सर्वसामान्य वाटतात. कपाटे वाचकांना खुली झाली, म्हणजे मुक्तद्वार पद्धत आली. ग्रंथालय उघडे राहण्याचे तास वाढले, आणि वाचकाजवळ जाऊन त्याची गरज समजून घेणारी संदर्भसेवा सुरू झाली. या प्रत्येक बदलाचा भार कोणावर पडला हे पाहण्यासारखे आहे. कुलूपबंद कपाटाला एक शिपाई पुरतो. खुल्या कपाटाला रोज पुस्तके जागेवर लावणारा, चुकीच्या ठिकाणी ठेवलेले पुस्तक ओळखणारा आणि हरवलेल्या प्रतीचा ठपका आपल्यावर येणार नाही एवढी खात्री असलेला सेवक लागतो. तास वाढविले की माणसांच्या पाळ्या वाढतात. संदर्भसेवेसाठी तर पदवीधर आणि विषय जाणणारा माणूस हवा, आणि त्याला कारकुनाच्या वेतनश्रेणीत ठेवून भागत नाही.

रंगनाथन यांची प्रसिद्ध पाच सूत्रे १९२८ साली मांडली गेली आणि १९३१ साली ग्रंथरूपाने आली. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ, प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, ही सूत्रे ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यास मुखोद्गत असतात. पहिल्या सूत्राच्या विवेचनात रंगनाथन यांनी ग्रंथालयाची जागा, वेळा आणि सामानसुमान यांच्या मागोमाग सेवकवर्गाचा विचार केला आहे, आणि तोही विस्ताराने. सेवकाची विद्वत्ता, त्याचे व्यावसायिक शिक्षण, त्याचा दर्जा, त्याचे वेतन असे मुद्दे त्यात एकेक करून येतात. 'ग्रंथ उपयोगासाठी आहेत' या वाक्यात वेतनाचा प्रश्न कोठून आला, असे वाटण्याचा संभव आहे. हार्वर्डच्या एका ग्रंथपालाची आख्यायिका या संदर्भात सांगितली जाते. दोन पुस्तके सोडून सारी पुस्तके कपाटात आहेत आणि ती दोन एका प्राध्यापकाकडून आणावयास आपण निघालो आहोत, असे तो मोठ्या समाधानाने सांगत होता म्हणे. ज्या सेवकाला प्रत्येक गहाळ प्रतीचे मूल्य स्वतःच्या पगारातून भरावे लागण्याची भीती असते तो राखणदार होतो, आणि राखणदार पुस्तक बाहेर जाऊ देण्यास नाखूशच असणार. भारतातील कितीतरी महाविद्यालयांत हा प्रकार फार काळ चालला. तेव्हा पहिले सूत्र खरे करावयाचे तर आधी ही भीती दूर करावी लागते, हे रंगनाथन यांनी ओळखले होते. सूत्रांचे पाठांतर झाले. वेतनावरील ही पाने मात्र परीक्षेच्या दृष्टीने बिनमहत्त्वाची ठरली.

सेवकांच्या शिक्षणाची सोय पाहू. मद्रास ग्रंथालय संघाची स्थापना १९२८ च्या जानेवारीत झाली आणि रंगनाथन तिचे कार्यवाह झाले. संघाने १९२९ साली ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग काढला, तो १९३१ साली विद्यापीठाने आपल्याकडे घेतला आणि १९३७ पासून त्याचे रूपांतर पदव्युत्तर पदविकेत झाले. हा क्रम लक्षणीय आहे. विद्यापीठाने वर्ग काढून समाजाला दिला नाही, तर नागरिकांच्या संघाने चालविलेला वर्ग विद्यापीठाने स्वीकारला. पाच सूत्रांचा ग्रंथ आणि १९३३ चे द्विबिंदू वर्गीकरण यांचे प्रकाशनही या संघानेच केले. विद्यापीठाचा ग्रंथपाल संघाचा कार्यवाह असल्यामुळे विद्यापीठाचे दार आणि नगराचा रस्ता यांच्यामध्ये एक माणूस सतत ये-जा करीत होता. सी. सुंदरम् आणि के. एम. शिवरामन् या सहकाऱ्यांची नावे रंगनाथन यांच्या संदर्भसेवेवरील ग्रंथांवर सहलेखक म्हणून छापलेली आहेत. हाताखालच्या माणसाचे नाव मुखपृष्ठावर घालण्याची ही रीत आपल्या विद्यापीठांत तेव्हा सामान्य नव्हती. आजही ती सर्वत्र आहे असे म्हणवत नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना अधिक जवळची गोष्ट वर्गीकरणाची आहे. वर्गीकरण हे सेवकांच्या खोलीत चालणारे काम म्हणून विस्तारसेवेशी त्याचा काय संबंध असे वाटेल. पण मुक्तद्वार ग्रंथालयात वाचक स्वतः कपाटापाशी जातो आणि त्याच्या भाषेला तेथे कोणती जागा दिली आहे हे त्याला प्रत्यक्ष दिसते. ड्यूई यांच्या दशांश पद्धतीत साहित्याला ८०० ते ८९९ हे क्रमांक आहेत. त्यांतील ८१० अमेरिकेच्या इंग्रजी साहित्यास, ८२० इंग्लंडच्या, मग जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, लॅटिन, ग्रीक असे करीत उरलेले सारे जग ८९० च्या दशकात कोंबलेले आहे. मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६. त्याच ८९१ मध्ये रशियन आणि आयरिशही नांदतात. तमिळची अवस्था याहून चमत्कारिक. तुर्की, फिनिश आणि हंगेरियन यांच्यासमवेत ती ८९४ च्या कोठडीत आहे आणि दशांशचिन्हानंतर तिला तीन अंक खर्च करावे लागतात. संगम काव्याचा वारसा सांगणाऱ्या नगरात तमिळ पुस्तके अशा पत्त्यावर ठेवावयाची, हे त्या पुस्तकांना हाताळणाऱ्या सेवकालाच प्रथम खटकले असेल.

रंगनाथन यांनी साहित्यवर्गाची मांडणी भाषा, वाङ्मयप्रकार, लेखक या क्रमाने केली. सर्व भाषांना एकाच नियमाने क्रमांक मिळू लागला आणि ग्रंथालयास आपल्या प्रधान भाषेला अग्रस्थान देण्याची मुभाही राहिली. लेखकाचा क्रमांक त्याच्या जन्मवर्षावरून येतो. शतकासाठी एक अक्षर आणि पुढे वर्षाचे अंक. १५६४ साली जन्मलेला शेक्सपिअर 'जे ६४' होतो आणि १८६४ साली जन्मलेले हरि नारायण आपटे 'एम ६४' होतात. नाटककार इंग्रज की कादंबरीकार मराठी, याची पद्धतीला तमा नाही. या समतेची किंमत मात्र साहित्यसंशोधकांना, आणि त्यांच्यामुळे ग्रंथसेवकांना मोजावी लागते. तुकारामांचे जन्मवर्ष १५९८ की १६०८ हा वाद ज्यांना केवळ पंडिती वाटतो त्यांनी हे पाहावे : पहिले वर्ष धरले तर तुकाराम 'जे' अक्षराखाली सोळाव्या शतकात जातात, दुसरे धरले तर 'के' अक्षराखाली सतराव्यात. गाथेची प्रत हाती घेऊन उभ्या असलेल्या ग्रंथसेवकाला हा वाद त्या दुपारीच मिटवावा लागतो. त्याला वेतन तालिकाकाराचे मिळते. काम तो वाङ्मयेतिहासकाराचे करीत असतो.

ग्रंथालयाबाहेरच्या कार्याचे सर्वांत ठळक चित्र म्हणजे मन्नारगुडीची बैलगाडी. १९३१ साली एस. व्ही. कनकसभै पिळ्ळै यांनी पुस्तकांनी भरलेली ही गाडी तंजावर जिल्ह्यातील त्या गावाहून आसपासच्या खेड्यांत नेण्याचा उपक्रम सुरू केला. भारतातील फिरत्या ग्रंथालयाच्या इतिहासात तिचे छायाचित्र नेहमी आढळते. रंगनाथन हेही याच जिल्ह्यातील शियाळीचे. मराठी वाचकास या जिल्ह्याचे नाव दुसऱ्या कारणाने परिचित आहे. भोसले राजांचा सरस्वती महाल हा हस्तलिखितसंग्रह येथलाच, आणि सर्फोजी (दुसरे) यांनी वाढविलेला हा राजघराण्याचा संग्रह १९१८ साली सार्वजनिक झाला. म्हणजे एका पिढीच्या आत त्याच जिल्ह्यात राजाचे पुस्तक लोकांच्या वाचनकक्षात आले आणि छापील पुस्तक गाडीत बसून खेड्याच्या वेशीवर गेले. मन्नारगुडीची गाडी विद्यापीठाने काढली नव्हती. परंतु गावात पुस्तक घेऊन गेले पाहिजे ही कल्पना ज्या वातावरणात बळावली ते वातावरण मद्रास ग्रंथालय संघाने तयार केले होते. गाडीच्या छायाचित्रात मात्र बैल आणि फळ्या ठसठशीत दिसतात. रोजची पुस्तके नोंदवून घेणारा, पावसाळ्यात ती कोरडी ठेवणारा माणूस कोण आणि त्याला काय मिळत होते, हे प्रश्न त्या चित्राकडे पाहून कोणी विचारीत नाही.

ग्रंथालय १९३६ च्या सप्टेंबरात चेपाक येथे, समुद्रकिनाऱ्यावरच्या स्वतंत्र वास्तूत गेले. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे.

येथे रंगनाथन यांच्याविषयीच्या एका आख्यायिकेचा विचार करणे अवश्य आहे. वीस वर्षे त्यांनी रजा घेतली नाही, रोज तेरा तेरा तास, आठवड्याचे सातही दिवस काम केले, १९२९ साली विवाहाच्या दिवशीही ते दुपारी ग्रंथालयात परतले, असे त्यांच्याविषयी सांगतात. या गोष्टी खोट्या मानण्याचे कारण नाही. पण त्यांचा पुढे जो उपयोग झाला तो तपासला पाहिजे. १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिन ग्रंथपालदिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशीच्या भाषणांत या तेरा तासांचा उल्लेख चुकत नाही. ऋषितुल्य ग्रंथपालाचे हे चित्र व्यवस्थापकांना फार सोयीचे असते. त्याच्या आधारे प्रत्येक सेवकाकडून वेतनाविना त्यागाची अपेक्षा करता येते. ज्याने सेवकांसाठी पदे मागितली, शिक्षण मागितले, दर्जा आणि वेतन ग्रंथात लिहून मागितले, त्याच माणसाचे नाव पुढे करून ती मागणी आवरली जाते. या विपर्यासाला रंगनाथन यांचाही थोडा हातभार लागला. स्वतःचे उदाहरण त्यांनी इतके टोकाला नेले की व्यवस्था आणि व्यक्ती यांतील भेद पाहणाराला दिसेनासा व्हावा.

बनारस हा त्याचा पुरावा. मद्रासचे पद १९४४ साली सोडल्यावर ते सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या निमंत्रणावरून १९४५ साली काशी हिंदू विश्वविद्यालयात गेले. तेथील ग्रंथालयाची भव्य वर्तुळाकार वास्तू सयाजीराव गायकवाडांच्या देणगीतून उभी राहिलेली असून तिला त्यांचेच नाव आहे. म्हणजे बडोद्याच्या राजाचे औदार्य येथेही भेटते. पण प्रशिक्षित सेवकांची जी फळी मद्रासमध्ये होती ती बनारसमध्ये नव्हती, आणि सुमारे एक लक्ष ग्रंथांचे वर्गीकरण व तालिकीकरण रंगनाथन यांनी १९४७ पर्यंत जवळजवळ एकट्याने केले. हा पराक्रम म्हणून गौरविला जातो आणि तो पराक्रम होताच. परंतु अशा वेळी एका ग्रंथालयशास्त्रज्ञाचा दिवस वर्गांक लिहिण्यात जातो, वाचकापाशी जावयास तो उरत नाही. जेथे सेवकवर्ग होता त्या मद्रासमध्ये रंगनाथन संघ चालवू शकले, वर्ग घेऊ शकले, कायद्याचा मसुदा घेऊन फिरू शकले.

तो मसुदा त्यांनी १९३० च्या डिसेंबरात बनारस येथेच भरलेल्या अखिल आशियाई शिक्षण परिषदेत मांडला होता. १९३३ मध्ये मद्रासच्या विधिमंडळात त्यावर आधारलेले विधेयक आले आणि मागे पडले. अखेर १९४८ साली, अविनाशलिंगम् चेट्टियार शिक्षणमंत्री असताना, मद्रास सार्वजनिक ग्रंथालय कायदा संमत झाला. त्यात मालमत्ताकरावर ग्रंथालयासाठी अधिभार बसविण्यात आला. ग्रंथालय दात्याच्या मर्जीवर किंवा दरसालच्या अनुदानावर न राहता रस्ता आणि पाणी यांप्रमाणे कराच्या पैशावर चालावे, हा त्याचा मथितार्थ. विद्यापीठाच्या एका ग्रंथपालाने वीस वर्षे केलेल्या विस्तारसेवेचे खरे फळ कोणते असे विचारल्यास बैलगाडीपेक्षा या अधिभाराकडे बोट दाखवावे लागेल. गावातील ग्रंथसेवकाचा पगार कोठून येणार, या प्रश्नाला भारतीय कायद्याने दिलेले ते पहिले टिकाऊ उत्तर होते.

टिकाऊ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. कारण कालक्रमाने पहिला ग्रंथालय कायदा मद्रासचा नसून कोल्हापूर संस्थानाचा, १९४५ चा आहे. संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले आणि तो कायदा मागे पडला. मुंबई इलाख्याने १९३९ साली फैजी समिती नेमून जिल्हा-तालुका पातळीवरच्या ग्रंथालयांची योजना आखून घेतली होती. तिचा जो भाग अमलात आला तो जुन्या खाजगी वाचनालयांना मान्यता आणि अनुदान देण्याचा. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानेही तीच वाट धरली. या कायद्यात ग्रंथालय कर नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. अशी स्वाभिमानी, लोकांनी वर्गणीतून चालविलेली वाचनालये ज्या प्रदेशात होती त्याला करापेक्षा अनुदान पसंत पडावे यात नवल नाही. त्या वाचनालयांची समाजाशी असलेली जवळीकही खरी होती. व्याख्यानमाला, स्पर्धा, दिवाळी अंकांची स्वतंत्र वर्गणी लावून केलेली योजना, या गोष्टींना मद्रासकडे सहज जोड सापडणार नाही.

परंतु अनुदान संस्थेच्या नावे येते, सेवकाच्या नावे येत नाही. अ, ब, क, ड अशा वर्गवारीने मिळणाऱ्या रकमेतून पुस्तके, भाडे, वीज आणि पगार असे सारे भागवावयाचे असते, आणि शेवटी उरेल तो पगार. 'ड' वर्गाच्या वाचनालयात ग्रंथपाल, लिपिक आणि शिपाई ही तिन्ही कामे बहुधा एकच व्यक्ती करते. सायंकाळी दिवा लावणे, वर्तमानपत्रे काठीला लावणे, वर्गणीच्या पावत्या फाडणे, आणि पदवी परीक्षेला बाहेरून बसलेल्या एखाद्या मुलीला तिच्या निबंधासाठी पुस्तक शोधून देणे हे सारे तिच्याकडेच. यांतले शेवटचे काम म्हणजे संदर्भसेवा. मद्रासमध्ये त्यासाठी पदवीधर सहायक नेमले होते. वेतनश्रेणीसाठी महाराष्ट्रातील ग्रंथालय कर्मचाऱ्यांनी वेळोवेळी केलेली आंदोलने या विषमतेतून निघालेली आहेत, आणि विद्यापीठांतील ग्रंथालयशास्त्र विभागांनी त्यांकडे आपल्या विषयाचा भाग म्हणून क्वचितच पाहिले आहे.

रंगनाथन पुढे दिल्ली विद्यापीठात १९५४ पर्यंत होते. १९६२ साली त्यांनी बंगलोर येथे प्रलेखनाचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे केले, १९६५ साली ते राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले आणि १९७२ साली निवर्तले. आयुष्यभराच्या बचतीतून एक लक्ष रुपये त्यांनी मद्रास विद्यापीठास दिले. ती रक्कम वास्तूसाठी नव्हती, ग्रंथखरेदीसाठी नव्हती. पत्नी शारदा यांच्या नावाने ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन स्थापावे आणि त्यावर नेमलेल्या प्राध्यापकाचे वेतन तीतून निघावे, यासाठी ती होती.